बारीक चाक आणि जाड समजूत

आडवाटेनें सायकल न्यावयाची तर तिचे टायर जाडच पाहिजेत, ही समजूत आमच्या सुशिक्षित वर्गांत आतां इतकी दृढमूल झाली आहे कीं, तिच्याविरुद्ध ब्र काढणारा मनुष्य एक तर कंजूष ठरतो, नाहीं तर विक्षिप्त. या दोन्ही पदव्या मित्रमंडळींकडून आम्हांस यापूर्वींच बहाल झालेल्या असल्यामुळें गमावण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं उरलेलें नाहीं. म्हणून या समजुतीचा एकदांचा सोक्षमोक्ष लावावा, या हेतूनें आम्हीं लेखणी उचलली आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, उरण तालुक्यांतल्या जासईच्या आसपास ज्या प्रकारच्या कच्च्या वाटा आहेत, म्हणजे खारजमिनीचे बांध, बैलगाड्यांच्या जुन्या चाकोऱ्या, डोंगराच्या पायथ्याच्या मुरुमाच्या पायवाटा, त्यांवर बारीक टायरची सायकल नुसती चालते असें नव्हे, तर तीच चालावी. जाड टायर तेथें अनावश्यक आहे. आणि कित्येक ठिकाणीं तो अपायकारकहि आहे. वाटेला तर आहेच, पण त्याहून अधिक त्यावर बसणाराला.

गेल्या वर्षीं आमच्या एका स्नेह्यांनीं आपल्या चौदा वर्षांच्या चिरंजीवासाठीं सायकल घ्यावयाची म्हणून आम्हांस सोबत नेलें. दुकानाचें नांव घेण्याचें कारण नाहीं. अशीं दुकानें आतां गल्लोगल्लीं झालीं आहेत. मुलगा म्हणाला कीं, रविवारीं मातीच्या रस्त्यानें फिरावयाचा आपला विचार आहे. 'माती' हा शब्द कानीं पडतांच विक्रेत्याचा चेहरा उजळला. "मग सर, फॅट टायरच घ्या. चार इंची. दगड असो, वाळू असो, कांहीं बघायचं नाहीं, सरळ घालायची!" आम्हीं त्यास सायकलीचें वजन विचारलें. उत्तर न देतां त्यानें ती मुलाच्या हातीं दिली, आणि मुलाच्या हातून ती पडतां पडतां राहिली. तरी अखेर तीच विकत घेण्यांत आली. कारण ती 'भक्कम दिसते'. पुढें कित्येक महिने ती सोसायटीच्या जिन्याखालीं उभी होती. तिच्या चाकांना माती म्हणून लागली नाहीं, आणि रविवारीं सकाळीं मुलगा अंथरुणांत असे. दोष मुलाचा नव्हे. तेवढें ओझें घेऊन चढावर एकदां जो जाऊन आला, त्याला दुसऱ्यांदा जावेंसें वाटलें नाहीं, यांत नवल काय? पण विक्रेत्याचे ते पांच शब्द आम्ही विसरूं शकलों नाहीं. 'कांहीं बघायचं नाहीं, सरळ घालायची' यांत जाड टायरचें सारें तत्त्वज्ञान आलें. आमचें भांडण आहे तें या तत्त्वज्ञानाशीं. बिचाऱ्या रबराशीं नव्हे.

आधीं मापें पाहूं. ज्या काळ्या उभ्या सायकलीवर आमच्या आधींच्या दोन पिढ्या शाळेंत, कचेरींत आणि शेतावर गेल्या, तिचा टायर अठ्ठावीस इंची आणि रुंदीला दीड इंच. म्हणजे सुमारें ३८ मिलिमीटर. युरोपांत हिवाळ्याच्या दिवसांत चिखलांतून, गवतांतून, पायऱ्यांवरून ज्या सायकलींच्या शर्यती होतात व ज्यांस सायक्लोक्रॉस असें म्हणतात, त्यांत आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या नियमाप्रमाणें टायर ३३ मिलिमीटरांहून रुंद चालत नाहीं. दोहोंमधलें अंतर पांच मिलिमीटर, मुगाच्या दाण्याएवढें! म्हणजे ज्याला परदेशी खूळ म्हणून हसण्यांत येतें, तें चाक आमच्या दूधवाल्याच्या आणि पोस्टमनच्या चाकाचें सख्खें भावंड आहे. दोन्ही बाजूंस भरलेले कॅन लटकावून त्या दूधवाल्यानें ज्या वाटांनीं सायकल हांकली, त्या कांहीं डांबरी नव्हत्या. पाठीमागें पेटी बांधून भोंपू वाजवीत येणारा पाववाला पावसाळ्यांतहि गांव चुकवीत नसे. आपण कांहीं साहस करीत आहों, असें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें; एकाला दूध घालावयाचें होतें, दुसऱ्याला पाव. आजच्या पहाडी सायकलीचा टायर ५५ ते ६० मिलिमीटर असतो, आणि त्या मुलाच्या गळ्यांत बांधलेला तर शंभर! व्यापाराची गंमत अशी कीं, जाड करतां करतां दमल्यावर पाश्चात्य कारखानदारांनीं 'ग्रॅव्हल' नांवाची एक निराळी सायकल काढली आहे; तिचे टायर बहुधा चाळीस मिलिमीटरांच्या आगेंमागें असतात, आणि २०२२ पासून तिच्या जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीहि होऊं लागल्या आहेत. आमच्या दूधवाल्याच्या दीड इंचाजवळ येऊन पोंचण्यास त्यांस केवढा हा वळसा पडला!

दोन्ही कुळांचा इतिहास पाहिला म्हणजे कोणतें चाक कोठल्या भुईसाठीं निपजलें हें कळतें. सायक्लोक्रॉसचा जन्म फ्रान्सांतला. हिवाळ्यांत रस्त्यावरच्या शर्यती बंद असत. त्या दिवसांत अंग सुस्त होऊं नये म्हणून शर्यतवीर शेतांतून आणि कुंपणांवरून सायकली घेऊन हिंडत. १९०२ सालीं दानिएल गूसो नांवाच्या एका फ्रेंच सैनिकाच्या पुढाकारानें तेथें पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९१० सालीं फ्रान्सची प्रदक्षिणा जिंकणारा ऑक्ताव लापीझ आपल्या यशाचें श्रेय या हिवाळी चिखलास देत असे. आणि १९५० पासून जागतिक स्पर्धा भरूं लागल्या. या खेळांत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी कीं, त्यांतला स्वार उतरावयास लाजत नाहीं. अडसर आला कीं उडी मारावी, सायकल खांद्यावर घ्यावी, धांवत चढ चढावा, आणि माथ्यावर फिरून बसावें. उतरणें हा तेथें कौशल्याचा भाग आहे.

जाड टायरचें कूळ निराळें. कॅलिफोर्नियांतल्या मरीन परगण्यांत तमाल्पाईस नांवाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथल्या कांहीं तरुणांनीं जुन्या जाड टायरच्या सायकली त्याच्या उतारावरून भन्नाट सोडण्यास आरंभ केला. १९७६ सालीं सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीस 'रीपॅक' असें नांव पडलें. कारण उतरतांना मागच्या चाकांतला ब्रेक इतका तापे कीं आंतलें ग्रीस जळून जाई आणि तें फिरून भरावें लागे. वर जावयाचें तें मात्र पुष्कळदां मोटारींत सायकली घालून! तेव्हां जाड टायर हें डोंगर उतरण्याचें साधन आहे, आणि त्या कामीं तें उत्तम आहे. सह्याद्रीच्या एखाद्या खडकाळ धारेवरून कोणास खालीं यावयाचें असेल, तर त्यानें खुशाल तें वापरावें. उरणच्या किनाऱ्यावरल्या भुसभुशीत वाळूंतहि आम्ही त्याचा मान ठेवूं. परंतु जासईचीं शेतें समुद्राच्या पातळीशीं कानगोष्टी करणारीं आहेत. तेथें तमाल्पाईसचें चाक कशासाठीं?

परदेशचींच उदाहरणें कां, असें कोणी म्हणेल. म्हणून हें मुंबईचें घ्या. १९२३ च्या ऑक्टोबरांत सहा पारशी तरुण सायकलीनें पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चांत सुमारें ७१,००० किलोमीटरांचा प्रवास पुरा करून परत आले. वाटेंत इराणचीं वाळवंटें होतीं, सिनाई होतें. आणि त्यांच्या सायकलींना ना गिअर, ना धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा. या तिघांस कोणी 'सर, चार इंची घ्या' म्हणणारा भेटला नाहीं, हें त्यांचें भाग्य. भेटता, तर ते बहुधा पनवेलापलीकडे गेले नसते.

आतां थोडें यंत्रशास्त्र. कारण पुष्कळांची बारीक टायरविषयींची तक्रार वस्तुतः टायरविषयीं नसून हवेविषयीं असते. टायर किती रुंद, याहून त्यांत हवा किती, हा प्रश्न मोठा आहे. आमचा पंक्चरवाला, आणि त्याचें ऐकणारे आम्ही सारे, टायर टिचकी मारली असतां दगडासारखा वाजेल तेव्हांच हवा पुरी झाली असें मानतों. डांबरावर तें कदाचित् खपेल. मातीवर असा टायर खड्यावरून खड्यावर फुटाण्यासारखा उडतो, जमिनीला धरीत नाहीं. हें ज्ञान आम्हांस एका मुरुमाच्या उतारावर प्राप्त झालें. आणि आम्ही करवंदीच्या जाळींत प्राप्त झालों. चष्मा शाबूत राहिला, ही करवंदीची कृपा. त्या दिवसापासून आम्ही घरून निघतांना टायर आंगठ्यानें दाबून पाहतों. आंगठा किंचित् रुतला पाहिजे. ट्यूब असेल तर आमच्या वजनाच्या माणसास दर चौरस इंचास पंचेचाळीस पौंडांच्या आसपास हवा पुरते. हलक्या माणसास त्याहूनहि कमी. फारच उतरवली तर मात्र दगडावर आदळतांच धांवेची कड ट्यूबेंत शिरते आणि शेजारीं शेजारीं दोन भोंकें पडतात. यालाच जाणते लोक सर्पदंश म्हणतात. आम्हांस तो दोनदां झाला; विष उतरवण्यास रबराचा तुकडा आणि वीस मिनिटें लागलीं.

चिखलाची गोष्ट याहून सरस आहे. वरवरचा पातळ चिखल असेल तर बारीक चाक तो कापून खालच्या घट्ट थरापर्यंत जातें आणि तेथें पकडतें. जाड चाक वर तरंगतें आणि घसरतें. शिवाय चाक आणि चिमटा यांच्यामध्यें मोकळी जागा राहत असल्यामुळें चिखल साचून चाक अडत नाहीं. हें सर्व खरें. तथापि खारजमिनीच्या करड्या चिकणमातीपुढें कोणत्याहि टायरची मात्रा चालत नाहीं, हेंहि आम्ही प्रांजळपणें कबूल करतों. तेथें एकच उपाय: सायकल खांद्यावर. आणि खांद्यावर घ्यावयाची वेळ आली कीं दहा किलोंची सायकल आणि सतरा किलोंची सायकल यांतलें अंतर कोणाच्याहि युक्तिवादावांचून कळतें.

येथें आम्हांस आमच्याच पक्षावर उलटणारी एक हकीकत सांगितली पाहिजे. पावसाळा नुकताच ओसरूं लागला होता. एका बांधावरून आम्ही मोठ्या डौलानें चाललों होतों. पलीकडून एक वृद्ध आगरी शेतकरी येत होता. त्यानें आम्हांस थांबवलें आणि बोट दाखवून म्हटलें, "मास्तर, मागं बघा." आम्हीं मागें पाहिलें. ओल्या बांधाच्या माथ्यावर आमच्या चाकानें सुरीनें कापल्यासारखी एक सरळ रेघ ओढली होती. "बांध पायानं दबतो, चाकानं चिरतो," तो म्हणाला. त्या चिरेंत पाणी मुरतें, माती सुटते, आणि मोठ्या उधाणाला त्याच जागीं खांड पडते. एकदां कां खारें पाणी शेतांत शिरलें कीं दोन-तीन वर्षें तेथें भात येत नाहीं. हें सांगतांना त्याचा आवाज चढला नाहीं. त्यामुळेंच आम्ही अधिक खजील झालों. पुढचा सारा बांध आम्हीं सायकल खांद्यावर घेऊन, त्याच्या मागून, चालत पार केला. आपणहि तरुणपणीं याच बांधांवरून मिठागरांत कामास सायकलीनें जात असूं, पण दिवाळी होऊन बांध टणक झाल्यावर, असें त्यानें वाटेंत सांगितलें.

जाड टायरवाले येथें टाळी पिटतील: पाहा, तुमचेंच चाक चिरतें! होय, चिरतें. पण तें चिरतें म्हणूनच स्वाराला कळतें. ओल्या भुईवर बारीक चाक दहा पावलांत जड होतें, हातांतली दांडी सांगूं लागते कीं बाबा, येथें उतर. जाड चाक ही सूचनाच दाबून टाकतें. तें अर्धा मैल सुखानें जातें, आणि त्याच्या दांतांनीं बांधावरचें गवत, जें माती धरून ठेवतें, तें उपटलें गेलें हें स्वाराच्या गांवींहि नसतें. ओल्या बांधावर कोणीच बसून जाऊं नये, हा नियम दोघांनाहि सारखाच. फरक एवढाच कीं, एकाला तो भुई शिकवते आणि दुसऱ्याला शिकवूं शकत नाहीं. अर्थात् बारीक टायर घेतला म्हणजे मनुष्य आपोआप शहाणा होतो असें नाहीं. उभ्या पिकाच्या कडेनें आरडाओरड करीत, कोणाच्या शेताची परवानगी न विचारतां, घड्याळाशीं शर्यत लावणारे बारीक टायरवालेहि आम्हीं पाहिले आहेत. त्यांची वकिली करावयास आम्ही बसलेलों नाहीं.

आणि जासईच्या भुईविषयीं तर बेफिकीर राहण्याचा अधिकार आम्हां मध्यमवर्गीयांस मुळींच नाहीं. हें दि. बा. पाटील यांचें जन्मगांव. नव्या शहरासाठीं घेतलेल्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठीं त्यांच्या नेतृत्वाखालीं जें आंदोलन झालें, त्यांत १९८४ च्या जानेवारीच्या १६ व १७ तारखांस या परिसरांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण प्राणांस मुकले; त्यांचें स्मारक जासईंत आहे. विकसित जमिनीपैकीं साडेबारा टक्के मूळ मालकास परत देण्याचें तत्त्व त्या लढ्यांतून पुढें आलें. १९८९ सालीं न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झालें. त्यामागून कंटेनरांचीं आवारें आलीं, ट्रेलरांच्या रांगा आल्या, आणि आमच्यासारख्यांच्या बहुमजली इमारतीहि आल्या. १२ जानेवारी २०२४ रोजीं जवळजवळ बावीस किलोमीटर लांबीचा सागरी सेतु खुला झाला. त्याचें एक टोंक शिवडीला, तर दुसरें जासईच्या शेजारीं चिर्ल्याजवळ उतरतें. सेतु भव्य आहे, यांत शंका नाहीं. त्यावर सायकलीस मज्जाव आहे. खालच्या महामार्गावर मज्जाव नाहीं. पण तेथें ट्रेलरच्या चाकाशेजारून मुलाला सायकलीनें पाठवील असा बाप आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे, आणि तो आम्ही दोष देऊं इच्छीत नाहीं. म्हणजे वरचा रस्ता बंद, खालचा प्राणघातक. सायकलस्वाराला या भागांत जें कांहीं उरलें आहे तें या कच्च्या वाटांचें. आणि त्याहि दर वर्षीं एखाद्या नव्या पत्र्याच्या कुंपणापाशीं येऊन संपतात. कांहीं बघावयाचें नाहीं, सरळ घालावयाची, ही रीत सायकलींच्या दुकानांत जन्मली नाहीं. तिथें ती फक्त किरकोळ भावानें विकली जाते.

आम्ही ज्या वाटेनें जातों तिचा पत्ता या लेखांत दिलेला नाहीं, हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. तो मुद्दामच दिलेला नाहीं. दिला असता तर पुढच्याच रविवारीं चाळीस मंडळी तेथें छायाचित्रें काढावयास गेलीं असतीं, आणि त्या वृद्धाला आम्ही तोंड कसें दाखवावें?

आतां आक्षेप. पहिला पैशाचा. सायक्लोक्रॉसची खास सायकल महाग असते, हें खरें. पण ती घ्या असें आम्ही म्हणतच नाहीं. शहरांत वापरण्याच्या साध्या सायकलींपैकीं ज्यांचीं चाकें सातशे-सी मापाचीं असतात, त्यांस बत्तीस ते पस्तीस मिलिमीटरांचे किंचित् नक्षीदार टायर घातले म्हणजे काम भागतें. आणि माळ्यावर वडिलांची काळी सायकल पडलेली असेल तर तेवढाहि खर्च नको. दुसरा आक्षेप पंक्चरचा. बाभळीचा कांटा बारीक टायरला लागतो तसाच जाडालाहि लागतो. आमच्या आठवणींतलीं बहुतेक पंक्चरें तर मातीवर झालींच नाहींत. तीं झालीं महामार्गाच्या कडेला, फुटलेल्या ट्रेलर-टायरांतून सुटलेल्या केसाएवढ्या पोलादी तारांनीं. तिसरा आक्षेप हाडांचा. होय, मनगटें दुखतात. पन्नाशी उलटल्यावर मनगटें बसल्या बसल्याहि दुखतात, हें आमच्या समवयस्कांनीं मान्य करावें. कोपरें सैल ठेवावीं, वाईट जागीं बैठकीवरून किंचित् उठावें, नजर चाकाखालीं न ठेवतां दहा हात पुढें ठेवावी. निम्मे धक्के आपोआप टळतात. उरलेले सोसावे, किंवा उतरावें.

त्या जिन्याखालच्या सायकलीचें पुढें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. मार्गशीर्षांत एके दिवशीं तो मुलगा आपण होऊन आमच्याकडे आला आणि आमची जुनी सायकल मागूं लागला. आम्हीं हवा निम्मी करून दिली, तो म्हणाला, "काका, ही तर बसलेलीच वाटते." बांध टणक होते. पहिल्या अर्ध्या तासांत तो दोनदां पडला, तिसऱ्यांदा पडतां पडतां पाय टेकून उभा राहिला. एका उघाडीपाशीं, जेथें पाणी झिरपून भुई काळसर दिसत होती, तेथें तो आम्हीं कांहीं बोलण्याच्या आधींच उतरला, वांकून बोटानें माती दाबून पाहिली, आणि सायकल कशी उचलावयाची तें विचारूं लागला. परततांना सूर्य बंदराच्या क्रेनांमागें गेला होता. आतां तो दर रविवारीं सहा वाजतां आमच्या दारांत उभा असतो. त्याच्या वडिलांनीं मात्र आम्हांस अद्याप क्षमा केलेली नाहीं. जिन्याखालच्या सायकलीचे हप्ते अजून फिटावयाचे आहेत.